साताला आठ म्हणणारी वहिनी

श्रीनूचा निरोप मोबाइलवर आला तेव्हा मी अंबरपेठेत भाजी घेत उभा होतो. ‘आई एक्स्पायर्ड. चार वाजता नेतोय.’ एवढंच. श्रीनिवास माझा पुतण्या, थोरल्या भावाचा एकुलता एक मुलगा. मराठी बोलतो चांगलं, लिहायला लागला की असं होतं. मी हातातली चुक्याची जुडी खाली ठेवली, मग पुन्हा उचलली, पिशवीत घातली आणि घरी गेलो. वहिनी गेल्या याचं दुःख व्हायला हवं होतं. ते झालंच नाही असं नाही, पण पहिल्यांदा मनात आलं ते असं की आता कुणी आपली चूक मोठ्यानं सांगणार नाही... आणि खांदे एकदम हलके झाले. स्मशानात मोजकी माणसं होती. रायफल क्लबातले दोनतीन म्हातारे, वहिनींच्या कॉलेजातल्या एक बाई, आम्ही घरचे. रडलं कुणीच नाही. क्लबातला एक जुना मेंबर माझ्या कानाशी लागून म्हणाला, "आता उठून म्हणतील बघा, लाकडं डावीकडे कललीत." मला हसू आलं. श्रीनूनं वळून पाहिलं. लाकडं खरंच डावीकडे कललेली होती.

आज महिना होऊन गेला. हैदराबादेतल्या मराठी मंडळींत कुमुदवहिनींना ओळखणारे पुष्कळ आहेत. त्यांच्यातला ज्याचा वहिनींनी एकदाही पाणउतारा केला नाही, असा एक जण मला अजून भेटायचाय.

आमचे आजोबा परभणीकडची शेती सोडून निजामाच्या काळात इथं वकिलीला आले आणि जामबागेत राहिले. दादाही वकील झाला. त्याला एक शौक होता, रायफलीचा. रविवारी शहराबाहेर, खडकांच्या टेकड्यांमधल्या मैदानावर जायचं, पालथं पडायचं आणि तीनशे मीटरवरच्या कागदावर गोळ्या मारायच्या. वहिनी लग्न होऊन आल्या त्या कॉलेजात फिजिक्स शिकवण्याची नोकरी घेऊनच आल्या. दुसऱ्याच वर्षी दादानं त्यांना हौसेनं मैदानावर नेलं. मीही बरोबर होतो, सामान उचलायला. तीनशे मीटरवर गोळी कुठे लागली हे उघड्या डोळ्यांना दिसत नाही. नेमबाजाच्या मागे बसून दुर्बिणीतून कुणीतरी ते सांगावं लागतं. त्या दिवशी दादानं सहज गंमत म्हणून वहिनींच्या हातात दुर्बीण दिली. पाच गोळ्या होईपर्यंत त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "अहो, तुम्ही घोडा ओढायच्या आधीच घाबरता. म्हणून सगळ्या खाली जातायत." आजूबाजूला क्लबाची माणसं होती. दादा हसला, पण त्याचा कान लाल झालेला मला मागून दिसत होता. पुढे वर्षानुवर्षं त्या रविवारी मैदानावर गेल्या, पण स्वतः एकही गोळी झाडली नाही. मी एकदा कारण विचारलं. म्हणाल्या, "भावजी, मारण्यात मला गंमत वाटत नाही. कुठे लागलं, ते मला बघायचं असतं."

क्लबातून उसनी आणलेली दुर्बीण त्यांना लवकरच पुरेना. मग अफझलगंजला, पैमाइशीची, म्हणजे जमीनमोजणीची यंत्रं विकणाऱ्या एका जुन्या दुकानात आम्ही तिघं गेलो. दादाला सकाळी जायचं होतं. वहिनी म्हणाल्या, भर दुपारी जायचं, आणि तेही मे महिन्यात. "सकाळच्या गार हवेत सगळ्याच दुर्बिणी चांगल्या." दुकानदार चाचांनी चार दुर्बिणी काढून दिल्या. वहिनींनी त्या दुकानात डोळ्याला लावल्याच नाहीत. मुसी नदीवरच्या पुलावर नेऊन, मला तिपाई धरून उभं केलं आणि पलीकडच्या काठावरच्या भिंतीवर रंगवलेली अक्षरं एकेकीतून वाचली. दादाला साठपटीची हवी होती. लांबलचक, काळी, चकचकीत. तिच्यातून मीही पाहिलं. अक्षरं केवढी तरी मोठी दिसत होती, पण उकळत्या पातेल्याच्या तळाशी पडल्यासारखी हलत होती. जमिनीतून निघणारी वाफ, जिला आपण मृगजळ म्हणतो, तीही साठ पटींनी मोठी झाली होती. वहिनींनी निवडली ती बुटकी, पुढची काच मोठी असलेली, पंचवीसपटीची. तिच्यातली अक्षरं लहान होती, पण जागच्या जागी उभी होती. शिवाय तिचा डोळा लावायचा भाग वर वाकलेला होता, म्हणजे मान न मोडता खाली बघत तासन्‌तास बसता येईल असा.

चाचा म्हणाले, "बीबी, ये साठ गुना है. लोगां यही लेते."

"चाचा, साठ गुना लेके साठ गुना धुआँ देखूँ क्या?"

दादा हळूच म्हणाला, "अगं, क्लबात सगळ्यांकडे साठवाली आहे."

"म्हणूनच सगळे वाऱ्याला शिव्या देत बसतात. तुमची हौस असेल तर घ्या ती. भिंतीला लावा." हे त्या दुकानात, तीन गिऱ्हाइकांच्या देखत, चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाल्या. चाचा खोखो हसले. "वकीलसाब, आप बंदूक संभालो, दुर्बीन बेगमसाब कू दे दो." मला वाटतं, त्या दुपारनंतर त्याचा नेम हळूहळू उतरतच गेला. वहिनी मागे बसल्या की त्याच्या पाठीचा कणा आखडायचा. पण त्यांना "येऊ नको" म्हणायची हिंमत त्याला शेवटपर्यंत झाली नाही, आणि आपण गेलो नाही तर बरं होईल हे त्यांच्या गावीही नव्हतं.

कोर्टाच्या व्हरांड्यात दादा कोसळला तेव्हा श्रीनू चौदा वर्षांचा होता. दिवसकार्य उरकलं आणि वहिनींनी रायफल त्याच्यापुढे ठेवली. त्याला हवी होती का हे कुणी विचारलं नाही, मीही नाही. पोराचा हात मात्र बापापेक्षा शंभर पटींनी स्थिर होता. दर रविवारी मी माझ्या गाडीतून दोघांना मैदानावर नेत असे. श्रीनू पालथा पडे, वहिनी मागे छोट्या स्टुलावर. दुर्बीण त्या निशाणावर न रोखता किंचित अलीकडे रोखत. तसं केलं की वाफ कोणत्या बाजूला वाहतेय ते दिसतं आणि वारा कळतो. गोळी सुटली की हवेत एक बारीक रेघ उमटते, तिच्या मागे त्यांची नजर जाई. आणि मग त्यांचा आवाज. घड्याळाचा काटा आणि वर्तुळाचा आकडा, एवढंच. "साताला आठ." म्हणजे गोळी सात वाजण्याच्या दिशेला, आठाच्या वर्तुळात. "तीनला नऊ." "पाचाला सात. घरी जायचं का?" हे सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं. गोळी मधोमध दहात लागली तर काहीच बोलत नसत. पोरानं एकदा रडवेलं होऊन विचारलं होतं, "आई, दहा लागली की तू का गं बोलत नाहीस?" त्या म्हणाल्या, "दहा तर लागायलाच पाहिजे. त्यात सांगण्यासारखं काय?" त्यामुळे श्रीनूला एक सवयच लागून गेली. आई गप्प असली की तो खूश असे. जगात दुसऱ्या कुठल्या पोराचं असं होत असेल?

वहिनींचं नाव एव्हाना पसरलं होतं. दूरदूरचे नेमबाज दुर्बीण घ्यायची म्हटली की आधी जामबागेत येत. त्या त्यांना चहा देत आणि मग सोलून काढत. "आधी तिपाई घे. काच देवानं घासलेली असली आणि पाय लटपटत असले, तर देवसुद्धा लटपटताना दिसेल." एक बिल्डर परदेशातून तोफेसारखं काहीतरी घेऊन आला होता. त्याला म्हणाल्या, "चंद्रावर गोळी मारायचीय का?" चष्मा असलेल्या एका मुलीला त्यांनी डोळा काचेपासून किती लांब ठेवता येतो ते तपासून घ्यायला शिकवलं, आणि जाता जाता म्हणाल्या, "नजर विकत मिळत नाही, एवढं लक्षात ठेव." ती पोर जिना उतरून डोळे पुसत गेली. तिनं पुढे घेतलेली दुर्बीण अचूक होती हेही खरंच. वहिनींनी चुकीचा सल्ला दिला असं कधी झालं नाही. तेवढं एक झालं असतं तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं.

श्रीनू कॉलेजात असताना राज्याच्या संघाची निवड होती. तो सगळ्यांत पुढे होता, शेवटच्या दहा गोळ्या उरल्या होत्या. त्याच्या शेजारची जागा रिकामी होती. तिथला मुलगा आजारी पडून निघून गेला होता, कागद मात्र समोर तसाच टांगलेला. दहा गोळ्या झाल्या. कागद आणले तर श्रीनूच्या कागदावर भोकं नऊच. मधला भाग इतका फाटलेला होता की पंचांनी आपसांत बोलून ठरवलं, दोन गोळ्या एकाच भोकातून गेल्या असणार. तसं होतं कधीकधी. पंच आकडा लिहिणार, तेवढ्यात मागून वहिनी उठल्या.

"बाजूचा रिकामा कागद आणा," त्या म्हणाल्या. "आठवी गोळी तिकडे गेलीय. मी बघितली."

मी त्यांच्या पदराचं टोक ओढलं होतं, हे मला आठवतं. कागद आणला. त्यावर एकच भोक होतं, ताजं. चुकून शेजारच्या कागदावर मारलेली गोळी शून्य धरतात. श्रीनूचं नाव संघातून गेलं. तो पालथाच पडून होता, उठला नाही. परत येताना गाडीत त्यानं एकदाच तोंड उघडलं. "आई, सांगून तुला काय मिळालं?" वहिनी खिडकीबाहेर बघत होत्या. म्हणाल्या, "हरवलेली गोळी मिळाली. नऊच सापडल्या होत्या." आरशात मला त्याचा चेहरा दिसला. मी नजर रस्त्यावर वळवली.

त्यानंतर त्यानं रायफलीला हात लावला नाही. नोकरी लागली, शहराच्या दुसऱ्या टोकाला उंच इमारतीत फ्लॅट घेतला, लग्न केलं. दिवाळीला येई, फराळाची बशी हातात धरून उभ्यानं खाई आणि जाई. मी एकदा त्याला समजवायला गेलो. "कायकू हे सगळं, श्रीनू? आई आहे." तो शांतपणे म्हणाला, "काका, गोळी सुटल्याबरोबर मला कळलं होतं ती कुठे गेली. मी गप्प बसलो. ती खोटं बोलली असती ना, तर मी माफ केलं असतं. ती खरं बोलली, ह्याचं काय करू?"

मग वहिनींचे डोळे गेले. म्हातारपणी होतो तसला पडद्याचा आजार. दोन्ही डोळ्यांत नजरेच्या मधोमध एक करडा डाग आला आणि पसरत गेला. कडेचं दिसे, मधलं नाही. ज्याच्याकडे रोखून बघावं तेच पुसलं जाई. डॉक्टरांनी त्यांना शिकवलं होतं, माणूस बघायचा असेल तर त्याच्याकडे बघू नका, मान वळवा, त्याच्या पलीकडच्या भिंतीकडे बघा, म्हणजे कडेनं तो दिसेल. वहिनींनी क्लबात जाऊन स्वतःच जाहीर केलं, "उद्यापासून मला विचारू नका. मला निशाण दिसत नाही." कुणी हळहळलं नाही. एकजण तर म्हणाला, "अल्ला का इन्साफ." मी तो शब्द ऐकला, वहिनींनीही ऐकला.

ही बातमी श्रीनूपर्यंत मीच पोचवली होती. पुढच्याच रविवारी तो मैदानावर हजर. सवयीप्रमाणे मी वहिनींना तिथं घेऊन गेलोच होतो. वीस-बावीस वर्षांनी. क्लबातल्या कुणाची तरी रायफल मागून घेतली होती आणि गाडीच्या डिकीतून एक भलंमोठं खोकं काढलं. आत नवी कोरी दुर्बीण, साठपटीची, सरळ डोळ्याची. "आई, तुझ्यासाठी," तो म्हणाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला बरं वाटलं... क्षणभर खरंच वाटलं की मिटलं. त्यानं आईला हाताला धरून स्टुलावर बसवलं, दुर्बीण तिच्या डोळ्याशी लावून दिली, आणि स्वतः पालथा पडला. गोळी झाडली.

"कुठे लागली, आई?"

वहिनी गप्प.

दुसरी गोळी. "कुठे?" तिसरी. "गप्प आहेस म्हणजे दहा लागली का गं?"

तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं, तो काय करतोय ते. मी पुढे झालो, तर वहिनींनी हातानंच मला थांबवलं. "दिसत नाही," त्या म्हणाल्या.

"मोठ्यानं सांग. सगळ्यांना ऐकू जाऊ दे."

वहिनी स्टुलावरून उठल्या. साडी नीट केली. आणि ज्या आवाजात त्यांनी जन्मभर इतरांच्या चुका सांगितल्या त्याच आवाजात, खडकावर आपटून परत येईल अशा, त्या म्हणाल्या, "मला दिसत नाही!" श्रीनूनं रायफल रिकामी केली, ज्याची होती त्याला दिली, आणि निघून गेला. दुर्बीण तिथंच राहिली. मी वहिनींना गाडीत बसवलं. त्या खिडकीकडे तोंड करून बसल्या. मला वाटलं रडत असतील. मग म्हणाल्या, "भावजी, चुकीची घेतलीय त्यानं. या उन्हात साठपटीची? आणि सरळ डोळ्याची. माझी मान अवघडली." थोड्या वेळानं म्हणाल्या, "नेम मात्र बरोबर धरला पोरानं." मी गाडी बाजूला घेऊन थांबवली. पुढचं दिसेना मला.

मी समजून चाललो होतो की तो आता येणार नाही. उलट झालं. त्या रविवारनंतर श्रीनू दर आठवड्याला जामबागेत येऊ लागला. वहिनींना सांभाळायला ठेवलेल्या यादम्मा मला सांगत, "बाबू येतात, आईसमोर बसतात, गप्प बसतात, जातात." मला समाधान वाटे. गप्प तर गप्प. आमच्या घरात ती चांगलीच खूण होती. असं दोनेक वर्षं चाललं आणि एका दुपारी जेवून आडव्या झालेल्या वहिनी उठल्याच नाहीत.

परवा श्रीनूनं मला जामबागेला बोलावलं. घर भाड्यानं द्यायचं म्हणून साफसफाई चालली होती. बाहेरच्या खोलीत फरशी घासायचं मशीन घरघरत होतं. वहिनींच्या खोलीत मी पहिल्यांदाच निवांत उभा राहिलो. त्यांची वेताची खुर्ची खिडकीपाशी होती. समोर एक लोखंडी खुर्ची. आणि त्या लोखंडी खुर्चीच्या पायांचे ओरखडे शहाबादी फरशीवर उमटले होते. एकदोन नव्हेत, पुष्कळ. वेताच्या खुर्चीभोवती अर्धा गोल होईल असे, एकावर एक, खोलवर गेलेले.

"हे काय रे?" मी विचारलं.

श्रीनू दाराला टेकून उभा होता. "मी करायचो ते," तो म्हणाला. "डॉक्टरांनी तिला शिकवलं होतं ना, मान वळवून बघायचं. मी आलो की ती मान वळवायची. मग मी खुर्ची सरकवून पुन्हा बरोबर समोर बसायचो. ती इकडे वळली की मी इकडे. ती तिकडे वळली की तिकडे."

"म्हणजे त्यांनी तुला..."

"मी बघू दिलं नाही. दोन वर्षं."

मला त्याला मारावंसं वाटलं. वय राहिलं असतं तर मारलंही असतं. वहिनींचाच पोरगा, मी मनात म्हटलं, अगदी त्यांचाच. "आणि त्या काही बोलल्या नाहीत?"

"एक शब्द नाही. सरकण्याचा आवाज ऐकायची आणि पुन्हा वळायची. कंटाळली नाही कधी." तो खाली बसला, फरशीवरच, आणि एका ओरखड्यावरून बोट फिरवत राहिला. मग म्हणाला, "शेवटच्या खेपेला ती वळली आणि मी सरकलोच नाही. का कोण जाणे. दमलो होतो, काका. बसून राहिलो. तिनं भिंतीकडे तोंड करून खूप वेळ बघितलं मला. कपाळापासून पायापर्यंत."

"मग?"

"म्हणाली, जाडा झालास."

मशीन थांबलं. मशीनवाला दारात येऊन उभा राहिला, घाम पुसत त्यानं विचारलं, "सार, ये रूम भी करना?" श्रीनूनं त्याच्याकडे न बघता मान हलवली. नाही.